दचका, किळस, धास्ती आणि टोचणी : भयपट आपल्याला का हादरवतात?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गणपतीच्या मांडवात भयपटांवर भाषण, हे पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण आपण ज्याची स्थापना केली आहे तो गणांचा अधिपती, आणि त्याच्या वडिलांना आपण भूतनाथ म्हणतो. तेव्हा विषय घरचाच आहे. आणि चित्रपट हा विषय तर बडोदेकरांना परका नाहीच. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले. त्या हरिश्चंद्राच्या कथेतसुद्धा स्मशान आहेच!

माझा प्रश्न साधा आहे. शेकडो भयपट येतात आणि जातात. बहुतेक आपण आठवड्याभरात विसरतो. काही थोडे मात्र वर्षानुवर्षे मनातून जात नाहीत. असे का होते? रक्त जास्त सांडले म्हणून? भूत जास्त भेसूर होते म्हणून? मला तसे वाटत नाही.

आपल्या मराठीत भीतीसाठी किती बारीक शब्द आहेत पाहा. मागून कोणी 'भो' केले की आपण दचकतो. कुजलेले काही दिसले की शिसारी येते, किळस वाटते. मूल रात्री वेळेवर घरी आले नाही की धास्ती बसते. आणि आपल्या हातून किंवा आपल्या घरात काही अन्याय झालेला असेल तर मनाला टोचणी लागते. दचका, किळस, धास्ती, टोचणी. भयपटांची प्रतवारी याच चार शब्दांनी करता येते, असे माझे म्हणणे आहे.

दचका सगळ्यांत स्वस्त. पडद्यावर शांतता, मांजर उडी मारते, वाद्यांचा कल्लोळ, आणि आपण खुर्चीत उडतो. ती शरीराची प्रतिक्रिया आहे, विचार करण्याआधीच घडणारी. काही सेकंदांत छातीची धडधड थांबते आणि आपण शेजाऱ्याकडे बघून हसतो. किळस थोडी जास्त टिकते. रामसे बंधूंचा १९८४ चा 'पुराना मंदिर' ज्यांनी त्या काळी पाहिला त्यांना दचका आणि किळस या दोन्हींचा हिशेब ठाऊक आहे. मजा आली, पण झोप उडाली नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स असे दोन वेगळे रस सांगितले. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. बीभत्सातून भयानक निर्माण होतो, असेही ते म्हणतात. पुढे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी विचारले की, रंगमंचावरच्या भयाचा आस्वाद आपण घेऊ कसा शकतो? त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतले ते शाकुंतलातल्या हरणाचे. दुष्यंताचा रथ मागे, हरीण जीव घेऊन पळते आहे. ती भीती त्या एका हरणाची राहत नाही, दुष्यंताची नाही, आणि प्रेक्षकाच्या स्वतःच्या जिवावरही बेतलेली नाही. ती निव्वळ भीती होते, म्हणून ती चाखता येते. हे साधारणीकरण. हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर मला आजही पुरेसे वाटते. मात्र काही चित्रपट या सुरक्षित अंतराला हळूच धक्का लावतात. तिथून धास्ती सुरू होते.

आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' घ्या. साल १९६०. त्याआधी पडद्यावरचा राक्षस दूर कुठेतरी डोंगरावरच्या किल्ल्यात राही. १९२२ चा 'नोस्फेरातू' किंवा १९३१ चा 'ड्रॅक्युला' आठवा. हिचकॉकने मृत्यू आणून ठेवला रस्त्यालगतच्या साध्या मोटेलच्या न्हाणीघरात. जिची गोष्ट आपण इतका वेळ पाहत आलो ती नायिकाच चित्रपटाच्या मध्याआधी मारली जाते. चित्रपट कृष्णधवल, रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप. सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. लहान लहान तुकडे वेगाने जोडले आहेत, आणि बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यांवर रचलेले ते किंचाळणारे संगीत. गंमत म्हणजे हिचकॉकला त्या प्रसंगात संगीत नकोच होते. हर्मनने ते रचून ऐकवले तेव्हा त्याने मत बदलले. न दिसलेला वार आपणच मनात पूर्ण करतो. त्या प्रसंगाने सांगितले ते एवढेच की, कथेची नायिका असलात तरी तुम्हाला अभय नाही, आणि दाराला कडी लावली म्हणून तुम्ही सुरक्षित नाही.

१९१९ साली सिग्मंड फ्रॉइडने एका निबंधात याच गोष्टीचा शोध घेतला. जर्मन भाषेत भयावह या अर्थाचा जो शब्द आहे त्यात 'घर' दडलेले आहे. शब्दशः तो 'घरचा नसलेला' असा होतो. फ्रॉइडचे म्हणणे असे की, अनोळखी गोष्टीपेक्षा जास्त भिववते ती एकेकाळी ओळखीची असलेली आणि आता परकी होऊन परत आलेली गोष्ट. आपल्या आईच्या चेहऱ्याने कोणी दुसरेच आपल्याकडे पाहते आहे, असे क्षणभर वाटले तर काय होईल, याची कल्पना करा.

विल्यम फ्रीडकिनच्या १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये नेमके हेच आहे, फक्त उलट बाजूने. तिथे आईला आपली बारा वर्षांची मुलगी परकी होताना दिसते. लोक आठवण काढतात ती गरगर फिरणाऱ्या मानेची. पण तो चित्रपट पुन्हा पाहाल तर लक्षात येईल की, पहिला मोठा भाग भुताचा नाहीच, तो दवाखान्यांचा आहे. तपासण्या, सुया, धडधडणारी यंत्रे, मान हलवणारे डॉक्टर. आई एका दारातून दुसऱ्या दारात जाते आहे आणि कोणाकडेच उत्तर नाही. ज्या आईबापांनी आजारी मूल घेऊन अशा फेऱ्या घातल्या आहेत त्यांना तो भाग सैतानापेक्षा जास्त भेदरवतो. आणि नंतर त्या मुलीच्या तोंडून जो घोगरा आवाज येतो तो मर्सिडीज मॅककेंब्रिज या प्रौढ अभिनेत्रीचा. शरीर मुलीचे, आवाज दुसऱ्याचा. डोळे एक सांगतात, कान दुसरेच सांगतात, आणि मेंदूला हा हिशेब जुळवता येत नाही.

जपानच्या हिदेओ नाकाताने १९९८ च्या 'रिंग'मध्ये असाच एक साधा उपाय केला. विहिरीतून निघालेली मुलगी आपल्याकडे चालत येते, पण तिच्या चालीत काहीतरी चुकते आहे. चित्रीकरणात अभिनेत्री उलटी चालली आणि ती फीत उलट फिरवली. ती कुठून बाहेर येते? बैठकीच्या खोलीतल्या दूरचित्रवाणी संचातून! जी वस्तू आपण संध्याकाळी स्वतःच्या हाताने सुरू करतो, तिच्यातून.

आता आपल्याकडे येऊ. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा आपल्यापैकी अनेकांनी दिवा चालू ठेवून वाचल्या असतील. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड'ला धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले आहे. चित्रपट हिंदी, पण त्यातला पाऊस, वाडा, चूल, सगळे आपले. त्यात हस्तर आहे, देवीच्या गर्भातले सोने आहे. पण सगळ्यांत अस्वस्थ करणारे पात्र कोणते? साखळीने जखडलेली आजी. आजीला रात्री भरवणे ही आपल्याकडची किती मायेची गोष्ट! इथे तेच काम मुलाला जिवाच्या भीतीने करावे लागते.

आणि मग कथा १९१८ पासून १९४७ पर्यंत येते. बाप आपल्या मुलाला सोने काढण्याची विद्या शिकवतो. शिकवतो ते किती प्रेमाने, किती काळजीने! मुलगा बापापेक्षा हुशार निघतो, म्हणजे जास्त लोभी निघतो. इथे मला धास्तीच्या पुढची पायरी दिसते, टोचणी. कारण हस्तर कोणाच्या घरी नसतो, पण वारसाहक्काचा वाद कोणत्या घरात नसतो? वाड्याच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे सख्खे भाऊ आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात नाहीत असे कोणी सांगावे? मुलांच्या हाती आपण जागा, दागिने आणि ठेवी देतो. त्यांच्याबरोबर आणखी काय देतो, हा प्रश्न घेऊन आपण चित्रपटगृहातून बाहेर पडतो.

विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी चित्रपट 'लपाछपी' याच वाटेवरचा. दिवस भरत आलेली नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात आसऱ्याला येते. पूजा सावंत आणि उषा नाईक यांची कामे पाहण्यासारखी आहेत. चार भिंतींऐवजी उंच ऊस, बाहेर पडायची वाट नाही. आणि शेवटी कळते की भीती भुतांची वाटायला नको होती. मुलगी नको, मुलगाच हवा, या हट्टाची वाटायला हवी होती.

आपली जुनी भुते एकदा या नजरेने पाहा. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण झाली. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला, तो पिंपळावरचा मुंजा झाला. ज्याची वासना धनात अडकली तो समंध झाला. जिची नीट काळजी घेतली गेली नाही, ज्याचे काही राहून गेले, ज्याला सोडवले नाही, ते परत येतात. भुतांची यादी म्हणजे समाजाच्या थकलेल्या देण्यांची वहीच आहे. चांगला भयपट ती वही उघडून आपल्यासमोर धरतो. म्हणून तो विसरता येत नाही.

मग जितके हादरवणारे तितके चांगले, असे म्हणायचे का? नाही. एक सीमा आहे. १९८० साली रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' आला. तो इतका खरा वाटला की, त्यातले नट जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला कायद्यापुढे दाखवून द्यावे लागले. नट जिवंत होते. पण त्या चित्रपटात मारलेले प्राणी खरोखर मारलेले होते. अभिनवगुप्तांचे हरीण पळते ते काव्यात. कॅमेऱ्यासमोर खरा जीव घेतला, की तिथे रस संपतो आणि उरते ती फक्त हिंसा. असे चित्रपट पाहण्यात शौर्य नाही, आणि न पाहण्यात भित्रेपणा नाही.

शेवटी घरातल्या दोन गोष्टी सांगतो, कारण समोर आई-वडील आणि आजी-आजोबा बसले आहेत.

पहिली गोष्ट मुलांची. भुताच्या गोष्टी आपणही लहानपणी ऐकल्या. पण त्या आजीच्या कुशीत, भावंडांच्या घोळक्यात. गोष्ट संपली की आजी पाठीवरून हात फिरवायची. आजचे मूल तीच भीती कानात यंत्र घालून, पांघरुणात, एकटे पाहते. भीती तीच, कूस मात्र गेली. प्रमाणपत्रांत आता सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगळे टप्पे आहेत, ते जरूर पाहावेत. पण प्रमाणपत्र मुलाला जवळ घेत नाही. चित्रपट पाहायचा तर सोबत बसून पाहा. 'खरंच असतं का असं?' असे मुलाने विचारले की हसून उडवून लावू नका. ते कसे चित्रित केले असेल, यावर बोला. उलटी फिरवलेली फीत आणि चॉकलेटचे सिरप कळले की मुलाला भीतीची किल्ली सापडते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 'द एक्झॉर्सिस्ट'मधली आई आधी डॉक्टरांकडे जाते, आणि तिला भेटणारा तरुण पाद्री स्वतः मनोविकारतज्ज्ञ असतो. पडद्यावर सैतान खरा ठरतो, कारण ती कथा आहे. आपल्या घरात एखादी सून, एखादा तरुण मुलगा विचित्र बोलू लागला, झोपेनासा झाला, आवाज ऐकू येतात म्हणू लागला, तर ते चित्रपटाचे दृश्य नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाहेरचे काही लागले म्हणून अंगाऱ्यात आणि गंड्यादोऱ्यांत महिने घालवले, की त्या माणसाला आपणच घरात परके करतो. भयपटात घरचा माणूस परका होतो तेव्हा आपण डोळे मिटून घेतो. खऱ्या घरात ते उघडे ठेवायला हवेत.

माझे भाषण संपल्यावर आरती आहे. आपण सगळे मिळून विघ्नहर्त्याला विघ्ने दूर कर म्हणून विनवू. विघ्न हरायचे तर आधी ते आहे हे मान्य करावे लागते, आणि काही चित्रपट आपल्याकडून एवढे काम करून घेतात. त्यांचे तेवढे ऋण मानावे आणि दिवा लावून निवांत झोपावे.

गणपती बाप्पा मोरया!