शिष्यवृत्ती परीक्षेतील इंग्रजी वाक्यशुद्धी



महाराष्ट्रातील मराठी शाळांतून २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. शिष्यवृत्ती परीक्षेत या भाषेचे ज्ञान पर्यायी प्रश्नांनी तपासले जाते. दिलेल्या वाक्यांतून शुद्ध वाक्य निवडणे किंवा रिकाम्या जागी योग्य शब्द ओळखणे, असे प्रश्नांचे स्वरूप असते. प्रश्न लहान असतो. पण खेड्यातील मुलास तो जड जातो. ज्या घरी इंग्रजी कानावर पडते, तेथील मूल अशुद्ध वाक्य कानास खटकले म्हणून सोडून देते. शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलास असा कान लाभलेला नसतो. त्याच्यासाठी नियम हाच कान होय. म्हणून तो नियम त्यास उमजेल अशा रीतीने, म्हणजे मराठीच्या आधाराने, देणे अगत्याचे आहे.

मुलांच्या उत्तरपत्रिका बारकाईने पाहिल्यास असे आढळते की, पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसून विचारपूर्वक केलेल्या असतात. मूल हाताशी असलेला एखादा नियम भलत्या जागी लावते. ‘द बॉईज प्लेज’ असे लिहिणारे मूल नामाच्या अनेकवचनाचे ‘एस’ क्रियापदासही जोडते. येथे ‘द बॉय प्लेज’ आणि ‘द बॉईज प्ले’ ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. नामाचे ‘एस’ अनेकत्व दाखविते, तर क्रियापदाचे ‘एस’ कर्ता एकच असल्याचे दाखविते. आणि तेही साध्या वर्तमानकाळी, तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्यापुरतेच. हा भेद मुलांकडूनच वदवून घ्यावा.

याहून फसवी चूक कर्ता ओळखण्याची. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ यापुढे ‘इज’ हवे की ‘आर’? मूल क्रियापदाशेजारचा शब्द पाहते आणि ‘आर’ निवडते. मराठीत ही सवय सहसा दगा देत नाही. ‘आंब्यांची पेटी जड आहे’ या वाक्यात मुख्य शब्द ‘पेटी’ हा शेवटी येतो. इंग्रजीत मुख्य शब्द अगोदर आणि त्याचे विशेषण मागाहून, अशी उलट मांडणी आहे. यावर उपाय सोपा आहे. कर्त्याचा भाग मराठीत म्हणून पाहावा. त्यात अखेरीस येणारा शब्द तोच खरा कर्ता. ‘आंब्यांची पेटी’ म्हणताच ‘इज’ ठरते आणि ‘पेटीतील आंबे’ म्हणताच ‘आर’ ठरते. मराठी येथे अडथळा न राहता साधन बनते.

जोडवाक्यांतही असेच घडते. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ यावे लागते. म्हणून ‘ऑल्दो’ने आरंभ केलेल्या वाक्यात मूल पुढे ‘बट’ घालते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरे. भूतकाळाचेही तसेच आहे. ‘डिड’ आले की काळाचा भार त्याने उचलला. मग ‘डिड यू वेन्ट’ नव्हे, ‘डिड यू गो’.

‘ए’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीत तर देवनागरीच मुलाच्या मदतीस येते. छत्री या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि गणवेश या अर्थाचा शब्द, दोन्ही ‘यू’ याच अक्षराने लिहितात. परंतु देवनागरीत लिहिताच ‘अंब्रेला’ स्वराने आणि ‘युनिफॉर्म’ ‘य’ या व्यंजनाने सुरू होतो, हे डोळ्यांस दिसते. म्हणून ‘ॲन अंब्रेला’, पण ‘ए युनिफॉर्म’. त्याच न्यायाने ‘ॲन अवर’. नियम उच्चाराचा आहे, अक्षराचा नव्हे.

परीक्षेच्या वेळी मुलाने प्रथम पर्यायांत कोणता शब्द बदलला आहे ते पाहावे. क्रियापद बदलले असल्यास त्याचा कर्ता शोधावा. नंतर ‘यस्टरडे’, ‘नाऊ’, ‘एव्हरी डे’ यांसारखा काळदर्शक शब्द पाहावा. अखेरीस उभयान्वयी अव्यये तपासावीत. हा क्रम अंगवळणी पडला म्हणजे अंदाजाने खूण करण्याची वेळ क्वचितच येते.

मात्र नियम सांगितला की काम संपले, असे मानू नये. अशुद्ध वाक्य चर्चा होताच फळ्यावरून पुसावे. शुद्ध वाक्य तेवढे ठेवून वर्गाकडून मोठ्याने चारपाच वेळा म्हणवून घ्यावे. घरी जे कानावर पडत नाही, ते शाळेत पडले पाहिजे. रोज पाच शुद्ध वाक्ये वर्गात घुमली, तर वर्षअखेरीस मूल नियम आठवण्यापूर्वीच चूक ओळखू लागेल. शिष्यवृत्ती मिळो वा न मिळो, ही कमाई त्याच्याजवळ कायम राहील.