दुसरी प्रत कोठे आहे?

(पेण व रोहा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती अधिकाऱ्याने माहिती द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र मी माझ्या हातून गमावल्या गेलेल्या माहितीविषयी बोलणार आहे. हे सांगताना संकोच वाटतो. परंतु माझी चूक आपल्यापैकी कोणाच्या कामी आली, तर तो संकोच सार्थकी लागेल.

या दोन तालुक्यांत अकरा वर्षे हिंडताना केलेली ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे मी एका बाह्य हार्ड डिस्कवर साठविली होती. पेणच्या गणपती कारखान्यांतील जुन्या कारागिरांच्या मुलाखती तीत होत्या. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीच्या आठवणी होत्या. रोहा तालुक्यातील एका आजींनी जात्यावर म्हटलेल्या ओव्याही होत्या. संगणकात जागा पुरेना, म्हणून त्यातील मूळ फायली मी पुसून टाकल्या आणि त्या डिस्कला ‘राखीव प्रत’ म्हणत राहिलो. वस्तुतः ती प्रत राहिलीच नव्हती. तेच आता एकमेव मूळ होते.

एके सायंकाळी संगणकाची प्रणाली अद्ययावत होऊ लागली. डिस्क जोडलेलीच होती. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा ही डिस्क वापरण्यापूर्वी ‘फॉरमॅट’ करावी लागेल, अशी सूचना पडद्यावर आली. मी ती नाकारली. परंतु धीर न धरता दुरुस्तीची नाना साधने रात्रभर चालविली. पहाटे डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली आणि थोड्याच वेळात ती मुकी झाली. पुढे तज्ज्ञांनी प्रयत्न केले; पण हाती काही लागले नाही.

दोष कोणाचा?

अद्ययावतीकरणाला दोष देणे सोपे आहे, आणि तसे प्रसंग घडलेही आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नवी आवृत्ती दिली, तेव्हा काही वापरकर्त्यांच्या फायली नाहीशा झाल्या आणि काही दिवसांतच कंपनीला तिचे वितरण थांबवावे लागले. तथापि अद्ययावतीकरण टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. सुरक्षेतील उणिवा त्यातूनच बुजविल्या जातात. माझी डिस्क बहुधा आधीच थकली होती; त्या रात्री ते उघड झाले, इतकेच.

डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात ग्रंथाची अनुक्रमणिका फाटते, पण पाने शाबूत असतात. दुसऱ्यात पानेच फाटू लागतात. पहिल्या प्रकारात माहिती पुष्कळदा परत मिळते. दुसऱ्यात प्रत्येक नवा प्रयत्न आणखी काही पाने फाडतो. मी नेमके तेच केले.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अद्ययावतीकरणापूर्वी प्रत करून बाह्य डिस्क काढून ठेवावी. डिस्क दिसेनाशी झाल्यास प्रथम केबल बदलून, दुसऱ्या संगणकावर पाहावे. फॉरमॅट करू नये. तिच्यावर नवे काही लिहू नये. आवाज येऊ लागल्यास तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावी. डिस्क कुलूपबंद केली असल्यास तिची किल्ली, म्हणजे तो लांबलचक क्रमांक, कागदावर लिहून कपाटात ठेवावा.

भोगावती आणि कुंडलिका

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य फायली जळाल्या. ज्या कागदांच्या प्रती अन्यत्र होत्या, तेच पुन्हा उभे करणे सुकर होते. कागद असो वा डिस्क, न्याय एकच.

पेणकरांना हे मी काय सांगावे? येथे घडलेली मूर्ती दरवर्षी पाण्यात विरघळते, आणि पुढल्या वर्षी तिच्यासारखीच पुन्हा घडते. कारण साचा कारखान्यात जपलेला असतो. आपल्या नमुना आठच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामसभांची इतिवृत्ते यांचा साचा कोठे आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

जाणकार सांगतात की महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी अन्य ठिकाणी असावी. यातील शेवटची अट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. एकाच कपाटातील दोन डिस्का एकाच पुरात भिजतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्यातील किती छपरे उडविली, हे आपण पाहिले आहे. तेव्हा वरिष्ठांच्या अनुमतीने भोगावतीकाठची एक प्रत कुंडलिकाकाठी आणि तिकडची इकडे ठेवता येईल. मात्र ती सांकेतिक कुलपातच असावी. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला आहे. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते.

शेवटी त्या आजींविषयी. डिस्क बिघडण्याच्या आधीच्याच वर्षी त्या निवर्तल्या. त्यांचा नातू शिक्षक आहे. त्याने वर्षश्राद्धासाठी आजीचा आवाज मागितला, तेव्हा मला मान खाली घालावी लागली. काही दिवसांनी त्याचाच दूरध्वनी आला. ध्वनिमुद्रण केले त्या दिवशी एक ओवी मी त्याच्या मोबाईलवर पाठविली होती. मी विसरलो होतो. त्याने ती जपली होती. जे मी स्वतःजवळ जपून ठेवले ते सारे गेले. जे दुसऱ्याच्या हाती दिले तेवढेच उरले.

ती ओवी वर्षश्राद्धाला घरच्यांनी ऐकली. आता तिच्या तीन प्रती आहेत, आणि त्यांतील एक पेणला आहे.