कोथिंबीर निवडायला बसवा

परदेशातून शिकायला येणारं एखादं मूल वर्षभर घरी ठेवून घ्यायचं ठरवलं, की कॉलनीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "महिन्याला किती मिळतात?" काहीच मिळत नाही म्हटलं की दुसरा येतो. "मग कशाला?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. रोटरी क्लबांची जी यूथ एक्स्चेंज योजना आहे, तिची सुरुवात १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरातल्या क्लबाने केली, असं मानतात. आज जगभरातली १५ ते १९ वयाची मुलं या योजनेतून वर्षभरासाठी दुसऱ्या देशात जातात. नाशिकमध्ये गंजमाळच्या रोटरी हॉलवरून आपण सगळे शेकडो वेळा गेलो असू, पण या योजनेची माहिती असते ती बहुतेक क्लबाच्या सभासदांनाच. विमानाचं तिकीट आणि विमा मुलाचे आईवडील काढतात. शाळेची फी आणि महिन्याचा थोडा हातखर्च इथला क्लब देतो. घराने द्यायचं ते जेवण, पलंग आणि लक्ष. वर्षभरात मूल साधारण दोन-तीन घरांत राहतं. बरेचदा आपली स्वतःची मुलगीही त्याच सुमारास मेक्सिकोत नाहीतर जर्मनीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून जेवत असते. पैशांचा हिशोब नाही, पण परतफेडीचा आहे, आणि तो अनोळखी माणसांमध्ये आहे. मला त्याचंच कौतुक वाटतं.

ही कल्पना आपल्याला अगदी नवी नाही. वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले होते. वेदविद्या शिकायला पंचवटीत आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचा. ताट मिळायचं, त्याबरोबर टोमणेही मिळायचे. मात्र त्या व्यवस्थेचं गोड वर्णन करताना एक गोष्ट विसरू नये. वार कुणाला मिळायचा, हे जातीवरून ठरायचं. ज्यांना कुणी घरात घेणार नव्हतं, त्यांच्यासाठी वसतिगृहं काढावी लागली. १९१४ साली नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, तो उदोजी मराठा बोर्डिंगच्या रूपाने, याच गरजेतून. घराचं दार उघडं आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणासाठी उघडं आहे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. गोऱ्या मुलाला घरी ठेवायला हौसेने पुढे येणारी माणसं आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलाला खोली भाड्याने द्यायलाही कचरतात. हे आपल्याच राज्यातल्या शहरांमध्ये घडतं, तेव्हा पाहुणचाराबद्दल बोलताना जरा हातचं राखून बोलावं.

आता दुसरा प्रश्न: कशाला?

याचं उत्तर मी एका मराठी मुलीच्या गोष्टीतून देते. ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण आपण तिच्याकडे डॉक्टर म्हणून पाहतो, कुणाच्या तरी घरी राहिलेली विद्यार्थिनी म्हणून पाहत नाही. आनंदीबाई जोशी. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं त्यांच्या पतीचं, गोपाळरावांचं, पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. सोबत संपादकाचा अभिप्राय होता, की या जोडप्याने ख्रिस्ती व्हावं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी पत्र लिहिलं, आणि पुढची तीन वर्षं या दोघींची पत्रं समुद्रापलीकडे ये-जा करत राहिली. मावशी-भाचीचं नातं जमलं ते एकमेकींना पाहण्याआधी. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय, वयाच्या अठराव्या वर्षी. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

तो सगळा उन्हाळा आनंदीबाई रोझेलच्या घरात राहिल्या. साडी सुटली नाही, शाकाहार सुटला नाही, धर्म तर नाहीच नाही. मासिकाने मदतीला धर्मांतराची अट जोडू पाहिली होती. या घराने कसलीच जोडली नाही. मग शरद ऋतूत फिलाडेल्फियाला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि घर मागे राहिलं. तिथली थंडी, धूर कोंडणारी शेगडी आणि जेमतेम खाणं, यांनी आधीच नाजूक असलेली प्रकृती खालावत गेली. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे बाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे. परक्या मुलीला आपल्या घराण्याच्या जागेत ठेवून घ्यायचं, याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

एवढी उंच गोष्ट सांगून झाल्यावर आता स्वयंपाकघरात येते, कारण खरी गंमत आणि खरी भांडणं तिथेच असतात.

आपली मराठी घरं पाहुण्याला काम करू देत नाहीत. आलेल्या मुलीने ताट उचललं तरी "अगं, राहू दे, राहू दे" अशी आरोळी उठते. चार दिवस हे ठीक आहे. वर्षभर ज्याला कुणी पेलाही विसळू देत नाही, तो माणूस त्या घरात हळूहळू एकटा पडतो. कुणी रागवत नाही, कुणी काम सांगत नाही, सगळे हसून बोलतात. म्हणजे आपण इथले नाही, हे त्याला रोज तीनदा कळतं. आमच्याकडे ब्राझीलची मुलगी राहिली होती. सासूबाईंनी एका संध्याकाळी तिच्यापुढे कोथिंबिरीची जुडी आणि जुनं वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाल्या, "बस. निवड." त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं. महिन्याभरात तिला "देठ टाकू नको, वाटणाला लागतात" एवढं मराठी कळायला लागलं. मराठीच्या शिकवणीत तिला इतक्या लवकर काही कळलं नव्हतं.

दुसरी अडचण दाराची. आपल्याकडे मुलांनी खोलीचं दार लावलं की आई विचारते, काय झालं? तिकडून आलेल्या मुलाला दार लावून बसणं म्हणजे रोजचं बसणं वाटतं. उलट आपण "कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी येणार" विचारतो ते त्याला चौकशी वाटते. इथे गोडगोड समजुतीपेक्षा पहिल्याच आठवड्यात बसून केलेलं स्पष्ट बोलणं कामाला येतं. किती वाजेपर्यंत घरी, फोन कुठे, कपडे कोण धुणार, आंघोळीला गीझर किती वेळ. रोटरीच्या मुलांना दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरणं या चार गोष्टींची बंदी आधीच असते. घराचे नियम घरानेच सांगायचे असतात. नियम सांगितला म्हणून कुणी नाराज होत नाही. न सांगितलेला नियम मोडल्यावर तोंडं वाकडी होतात, तेव्हा मात्र मूल गोंधळतं.

उत्तर गोलार्धातली मुलं साधारण ऑगस्टमध्ये येतात. म्हणजे पाऊस, ओले कपडे, आणि लगेच गणपती. सगळं नवं, सगळं रंगीत, फोटोच फोटो. खरा कस लागतो तो दिवाळीनंतर. निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, घरात हीटर नसतो, आणि नाताळाला घरची आठवण अनावर होते. या दिवसांत आग्रह करू नये. द्राक्षं येईपर्यंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, मूल पुन्हा माणसात येतं. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची परवानगी मागायला लागलं, की काळजी संपली समजा. मग वेगळी काळजी सुरू होते, ती सोडा.

आपली मुलं बाहेर पाठवणाऱ्यांसाठी दोन शब्द. सगळीच घरं बिनपैशाची नसतात. अमेरिकेच्या शालेय विनिमय व्हिसावर गेलेल्या मुलाला ठेवणाऱ्या कुटुंबाला मोबदला देता येत नाही, असा तिथला नियम आहे. पण ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे होमस्टे म्हणजे बहुतेक वेळा आठवड्याचे पैसे भरून राहणं. ते वाईट नाही, पण तिथे घरमालकाकडून आईची अपेक्षा ठेवली की दोघांनाही त्रास होतो. करारात किती जेवणं आहेत ते वाचा, आणि "व्हेजिटेरियन" म्हणजे अंडं नाही, मासा नाही, हे लिहून द्या.

आणि ज्यांना इथे कुणाला ठेवून घ्यायचं आहे, त्यांनी क्लबाला किंवा संस्थेला तीन गोष्टी आधी विचाराव्यात. मुलाचा समुपदेशक कोण? तो यजमान घरातला असता कामा नये. विम्याचे कागद कुणाकडे? आणि परदेशी माणूस घरी उतरल्यावर चोवीस तासांत सरकारकडे जी ऑनलाइन नोंद करावी लागते, ती कोण करणार? उत्तर "बघू" असं आलं, तर अजून हो म्हणू नका. आलं नीट, तर घरी जाऊन मुलाला द्यायच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, एवढं पाहून घ्या.