डबा संपला का?

डोंबिवलीपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४८ किलोमीटरवर आहे, कल्याणपासून ५४ आणि ठाण्यापासून ३४. डोंबिवलीहून जलद लोकल मिळाली तरी सव्वा तास जातो. अलीकडची रिक्षा, पूल, जिने आणि मुंबईत उतरल्यावरची बस किंवा पायपीट मिळवली की नोकरी करणारी आई दहा-अकरा तास घराबाहेर असते. तेवढेच तास तिचं दोन वर्षांचं मूल पाळणाघरात असतं. सकाळचा नाश्ता, अकराचं फळ, दुपारचं जेवण, झोपून उठल्यावरचा खाऊ, आणि गाडी उशिरा आली तर दिवेलागणीला आणखी काहीतरी, असं त्याचं बहुतेक खाणं तिथेच होतं. घरी उरतं ते पहाटेचं अर्धवट झोपेतलं दूध आणि रात्रीचे पेंगुळलेले घास.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा प्रवास नसावा. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असंही ठरलं. चांगलंच झालं. पण सकाळी आठला डोंबिवलीच्या फलाटावर जिला स्वतःला डब्यात शिरता येईल की नाही याची खात्री नसते, ती कडेवर दीड वर्षाचं मूल घेऊन नरिमन पॉइंटच्या पाळणाघराकडे निघेल, हे लोकलनं कधी न गेलेल्यालाच सुचेल. म्हणून इथलं पाळणाघर कचेरीजवळ नसतं. ते घर आणि स्टेशन यांच्या मधल्या वाटेवर असतं. ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या रामबागेत, डोंबिवलीत फडके रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराबाहेर इवल्या चपलांची रांग आणि आत एक काकू. शेजारणीचं एक मूल सांभाळता सांभाळता त्यांचं हे काम वाढलेलं असतं. स्वयंपाकघर घरचंच, कुकरही घरचाच.

रजेच्या २६ आठवड्यांचा हिशेब जरा बारकाईनं पाहावा. त्यातले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रजा संपते आणि वरचं अन्न सुरू होतं, ते जवळपास एकाच वेळी. उष्टावणाला मामा चांदीच्या वाटीतली खीर चाटवतो, फोटो निघतात. पण त्यानंतर रोज दुपारी बाळाला मऊ भात भरवणारा हात पाळणाघरातल्या काकूंचा असतो.

या हाताला नवं फार शिकवावं लागत नाही. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, रवाळ दळून शिजवलेलं खिमट, वर साजूक तुपाची धार, उकडून कुस्करलेला बटाटा किंवा लाल भोपळा, नाचणीचं सत्त्व. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत. जुन्या घरांतलं एक मात्र सोडायला हवं, ते मधाचं बोट. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांची आतडी त्यांना दाद देत नाहीत, वर्षाच्या आतलं बाळ त्यांनी गंभीर आजारी पडू शकतं. दुधाच्या बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण बाटलीच्या बुचात जंतू लपून राहतात. ज्यांच्या कपाटात आजीचं बोंडलं अजून आहे त्यांनी ते उकळून खुशाल वापरावं.

पाळणाघर ही चीज ठाणे जिल्ह्याला अगदी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावं ठाण्यातच मोडत. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत का येत नाहीत, याचं कारण या दोघींना त्यांच्या कडेवरच सापडलं: तिथे धाकटं भावंड असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणणारी विकासवाडी उभी राहिली. त्याच काळाच्या थोडं आधी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची बाळागोळी देऊन निघत, कारण बाळानं दिवसभर गप्प राहणं गरजेचं होतं. आज बाळागोळी गेली. रडणाऱ्या मुलाच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात क्रीमचं बिस्कीट देण्यामागची निकड मात्र त्याच जातीची आहे.

आता डब्याकडे येऊ. इथल्या पाळणाघरांत साधारण दोन रीती दिसतात. कुठे आई डबा देते, कुठे महिन्याचे थोडे जास्त पैसे घेऊन काकू जेवण घालतात. पहिल्या रीतीत भात पहाटे सहाच्या आधी डब्यात भरला जातो आणि साडेबाराला उघडतो. मधले सहा-सात तास तो ठाणे-कल्याणच्या दमट हवेत असतो. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. पाच ते साठ अंश सेल्सियस या पट्ट्यात अन्न पडून राहिलं की ते वाढीला लागतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की नुसतं गरम करून ते जात नाही. मुलाला दुपारी अचानक उलट्या होतात, दोष जातो उन्हाला नाही तर दाताला. म्हणून सगळ्यात शहाणी वाटणी अशी: कोरडं घरून, ओलं पाळणाघरातून. पोळी, थालीपीठ, धिरडं, मेथीचा पराठा डब्यात यावा. वरण-भात किंवा मुगाची खिचडी काकूंच्या कुकरमधून गरम निघावी. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी डबा आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवायचा आणि जेवताना एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करायचा. उरलेलं परत घरी पाठवून ‘रात्री खाईल’ म्हणणं ही काटकसर महागात पडते.

पण खरा घोळ जंतूंपेक्षा एका प्रश्नानं होतो. संध्याकाळी सातला आई दारात येते, एक पाय अजून रिक्षेत असल्यासारखी, आणि पहिला प्रश्न येतो: ‘काकू, डबा संपला का?’ बिचारीला दिवसभरातलं दुसरं काही मोजता येत नाही, डबा मोजता येतो. मग काकूही डब्यासाठी काम करू लागतात. चिऊकाऊचे घास संपले की टीव्ही लागतो, टीव्हीनं भागलं नाही तर ‘पोळी संपव, मग चॉकलेट’ असा सौदा होतो, आणि त्यानंही भागलं नाही तर नाक दाबून तोंड उघडणं. डबा रिकामा होतो, मुलाला पोळीचा राग येतो. भूक किती, हे आपल्या पोटाकडून समजून घेण्याची त्याची जन्मजात समज तिथे मोडू लागते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात यावर साधी वाटणी सुचवली: काय वाढायचं, केव्हा आणि कुठे वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आपल्याकडच्या आज्यांना यातला दुसरा भाग पचवणं अवघड जातं. दोन वर्षांच्या मुलाला अर्धी पोळी, लहान वाटीभर भात आणि दोन चमचे भाजी पुष्कळ होते, आणि एखाद्या दिवशी तेवढंही नको असतं.

नको म्हणजे कायमचं नको, असंही नसतं. लिअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अनोळखी पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखायला मिळाला, तितका तो मुलांना आवडू लागला. दुधी दोनदा थुंकला म्हणून तो बंद करणारी घरं फार घाई करतात. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त, नुसता चमचाभर पानात पडू द्यावा. याच बाईंचा दोन वर्षं आधीचा आणखी एक प्रयोग आहे, आणि पाळणाघर चालवणाऱ्यांनी त्याची खूणगाठ बांधून ठेवावी. एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला, ती आवडीनं खाणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवलं. थोड्याच दिवसांत तेही ती भाजी उचलू लागलं. आपल्याकडे याला पंगत म्हणतात. एकुलत्या एका मुलाच्या फ्लॅटमध्ये ती मिळत नाही, काकूंच्या सतरंजीवर रोज मिळते. प्रत्येकाचा वेगळा डबा उघडला की मात्र पंगत मोडते; एकाच्या डब्यात नूडल्स निघाले की बाकी सगळ्यांची भेंडी रडते.

पंगतीत काय असावं, यात दुधाचं प्रस्थ जरा कमी करायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. हा आकडा फक्त दुर्गम पाड्यांचा असता तर इतका मोठा झालाच नसता. सोसायटीत वाढणारी मुलंही त्यात आहेत. दुधात लोह नगण्य असतं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक राहत नाही, आणि दुधातलं कॅल्शियम अन्नातल्या लोहाला अडवतं. चहा तर त्याहून वाईट. तरी चारच्या खाऊला बशीत ओतलेल्या चहात बुडवलेलं बिस्कीट अनेक घरांत अजून लाडाचं मानलं जातं. उलट वरणभातावर पिळलेली लिंबाची फोड, पोह्यांवरचं लिंबू, जेवणानंतरची पेरूची पातळ, बिया काढलेली फोड यांतलं क जीवनसत्त्व डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. वरणभात-तूप-लिंबू ही चौकडी कुठल्या आहारतज्ज्ञानं जुळवलेली नाही, पण जुळली आहे झकास.

डब्यावर छापलेल्या दाव्यांचं काय? एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की दुधात घालायच्या माल्टच्या आणि धान्याच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नयेत; अन्न सुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्या वेष्टनांवरची साखरेची ओळ वाचायला चष्मा लागतो, एवढं सांगितलं तरी पुरे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खाण्यात वरून साखर घालू नये, असं भारतीय आहार मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. चारचा खाऊ म्हणजे उकडलेलं रताळं, केळं, मुगाचं घावन, दडपे पोहे, नाचणीचं धिरडं, तूप-पोळीचा कुस्करा. अंडं चालणाऱ्या घरांत उकडलेलं अंडं. हे सगळं बिस्किटाच्या पुड्याहून फार महाग पडत नाही, फक्त कुणीतरी तीन वाजता उठून गॅस पेटवावा लागतो. आणि वाढदिवसांचं एकदा ठरवून टाकावं. वीस मुलं असलेल्या पाळणाघरात वर्षाला वीस वेळा केक, वेफर्स आणि रंगीत गोळ्यांचे पुडे वाटले जातात. त्याऐवजी फळं किंवा चित्रांचं पुस्तक चालेल, असं दारावर लिहिलं तर कुणी रागावत नाही.

एका बाबतीत मात्र सवलत नको. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, चिक्कीचा तुकडा, अख्खं द्राक्ष देऊ नये. या वयात दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते, आणि शेंगदाणा बरोबर त्या मापाचा असतो. दाण्याचं कूट भाजीत घालावं, द्राक्ष उभं चिरावं, बोराची आणि जांभळाची बी आधी काढावी. मूल बसून खाईल, पळता पळता किंवा आडवं होऊन नाही, आणि खाताना कुणीतरी मोठं माणूस समोर असेल. पाळणाघर बघायला जाणारे आईबाप खेळणी आणि सीसीटीव्ही बघतात. त्यांनी साडेबाराच्या सुमारास जावं आणि जेवण कसं चाललंय ते बघावं.

राहिला पावसाळा. जुलैत कधी रुळांवर पाणी येतं, कधी ओव्हरहेड वायर तुटते, आणि ठाण्याच्या पलीकडे गाड्या उभ्या राहतात. अशा संध्याकाळी मुलाला रात्रीचं जेवण द्यायचं की आईची वाट पाहायची, द्यायचं तर काय, त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे, वडील किंवा आजी फोनवर कोण मिळेल, हे नाव घालतानाच कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलेलं असावं. डाळ-तांदूळ तर काकूंच्या घरी असतातच. खिचडी अर्ध्या तासात होते, आणि गाडी आठला आली काय, दहाला आली काय, मूल जेवून झोपलेलं असतं.