मक्षिकास्थाने मक्षिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



‘आपल्या छंदाविषयी चार शब्द बोला,’ अशी कार्यवाहांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही त्यांना सांगितले, की आम्हांस माश्या बांधण्याचा छंद आहे. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि वहीत ‘मत्स्यव्यवसाय’ असे लिहून घेतले. तेव्हा आरंभीच खुलासा केलेला बरा. आम्ही व्यवसाय करीत नाही आणि आमच्या माश्या उडतही नाहीत.

या शहरात बदली होऊन येण्यापूर्वी चार वर्षे आम्ही कुलूला होतो. तिकडच्या बर्फाळ पाण्याच्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो मूळचा आपल्या देशातला नव्हे. स्कॉटलंडहून आणलेली त्याची अंडी १९०० मध्ये काश्मिरात रुजली आणि १९०९ मध्ये तो कुलूच्या खोऱ्यात आला. पाण्यावर तरंगत येणारे चिमुकले कीटक हा त्याचा आवडता आहार. असा नाजूक कीटक गळाला टोचता येत नाही. टोचला तर त्याचा चेंदामेंदा होतो. म्हणून पीस, लोकर आणि रेशीम गळावरच गुंडाळून कीटकाचा भास निर्माण करावयाचा, याला माशी बांधणे म्हणतात. ही युक्ती साहेबाने काढली असा आपला समज असतो. परंतु मॅसिडोनियातले कोळी तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधून मासे गरवीत, असे एलियन नावाच्या लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरण्यास हिमाचलात बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. गळ टांगून ठेवलेल्या या चार महिन्यांत तिथली हौशी मंडळी दर शनिवारी संध्याकाळी एका दुकानाच्या मागच्या खोलीत जमत. मध्यभागी लाकडे जाळण्याचा लोखंडी तंदूर, भोवती पाचसहा जण, प्रत्येकापुढे एक लहानसा व्हाइस आणि त्याच्या जबड्यात नखाएवढा गळ. त्यांत एक बँकेतला रोखपाल, एक शाळामास्तर, सफरचंदांचे दोन बागाईतदार. आणि या सर्वांचे गुरू म्हणजे वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांना सारे चाचाजी म्हणत.

आम्ही पहिल्या दिवशी गेलो ते ऑफिसच्या गाडीतून उतरून. सर्वांनी उठून खुर्ची दिली. चाचाजींनी गळ दिला, धाग्याच्या पहिल्या फेऱ्या दाखवल्या आणि म्हणाले, “साहेब, आता तुम्ही.” तासाभराने आमची माशी तयार झाली. चाचाजींनी ती कंदिलाजवळ धरून पाहिली, खिशातून दाढीचे ब्लेड काढले आणि उभी कापून गळ पुन्हा उघडा करून आमच्या हाती दिला. “डोके कुठे आहे?” एवढेच त्यांनी विचारले.

नवशिक्याची ही हमखास चूक. गळाच्या पुढच्या टोकाला दोरी ओवण्याचे छिद्र असते. त्यामागे थोडी जागा मोकळी राखावी लागते, कारण सर्व पिसांची टोके तिथे दाबून शेवटची गाठ मारावयाची असते. नवशिका शरीर बांधता बांधता त्या छिद्रापर्यंत येऊन धडकतो. पत्राचा मसुदा कागदाच्या तळापर्यंत लिहून सहीला जागा न ठेवणाऱ्या कारकुनांना आम्ही आयुष्यभर बोल लावले. त्या हिवाळ्यात आमच्या किती माश्या बिनडोक्याच्या निघाल्या याची नोंद ठेवली नाही. ब्लेड मात्र प्रत्येकीला लागले. आमच्या टिपणीवर तीस वर्षांत वरिष्ठांनी शेरे मारले असतील, पण आमच्या देखत, पाचसहा माणसांसमोर, केलेले काम कोणी कापून टाकले नव्हते. घरी परतताना चेहरा उतरलेला असे. सौभाग्यवती म्हणत, “जाताच कशाला?” याचे उत्तर आम्हांला तेव्हा देता येत नसे. पुढच्या शनिवारी मात्र आम्ही गाडी सोडून पायी जाऊ लागलो.

गंमत अशी की ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हे वचन आम्ही कचेरीत दूषण म्हणून वापरीत आलो. मूळ कागदावर चिरडलेली माशी पाहून नकलेतही तिथे माशी चिकटवणारा तो कारकून! आणि आता पन्नाशीनंतर आम्हीच माशीच्या जागी माशी बसवावयास निघालो होतो. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही फार चिकाटीने एक माशी बांधली. सहा पाय, दोन पंख, मागे तीन शेपट्या, सर्व काही खऱ्यासारखे. या वेळी चाचाजींनी ब्लेड काढले नाही. त्यांनी पेलाभर पाणी मागवले, माशी त्यात टाकली आणि पेला उंच धरून म्हणाले, “खालून बघा.” खालून पाय दिसेनात, पंख दिसेनात, दिसला तो एक ओला, काळा गोळा. मग त्यांनी आपली माशी टाकली. तांबूस धाग्याचे बारीक शरीर आणि देशी कोंबड्याच्या मानेतले एक पीस गोल गुंडाळलेले, याखेरीज तिच्यात काहीही नव्हते. परंतु पाण्यावर ती पिसाच्या टोकांवर उभी राहिली आणि पेला हलताच थरथरली. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारा फ्रँक सॉयर नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याने फेझंटच्या शेपटीचे पीस आणि तांब्याची तार एवढ्यावर एक माशी बांधली. तिला त्याने पाय दिलेच नाहीत, कारण पाण्याखाली पोहणारी कीटकाची अळी पाय अंगाशी घेते हे त्याने नदीकाठी बसून पाहिले होते. नक्कल करताना काय गाळावे हे ज्याला कळते त्याची नक्कल मासा खरी मानतो. हे आमच्या कारकुनांना आम्ही कधी शिकवले नाही. आम्हांलाही ठाऊक नव्हते.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास थोडा संकोच वाटतो. तिसऱ्या वर्षी रजेवर आम्ही गावी गेलो. आमचे गाव सह्याद्रीच्या कुशीत, पाटण तालुक्यात. माळ्यावर आजोबांच्या लाकडी पेटीत राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांचा एक जुडगा सापडला. या पिसांवर मेण ओतल्यासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. विलायतेतल्या सामन माशाच्या जुन्या माश्यांना हे पीस डोळ्याच्या जागी लावीत आणि त्यापायी आपल्याकडून या पक्ष्याची मानेची कातडी कैक वर्षे परदेशी जात. सबंध मंडळीत असे पीस कोणाजवळ नव्हते. आम्ही शनिवारी मोठ्या ऐटीत पेटी उघडली. सर्वांनी माना पुढे केल्या. चाचाजींनी पाहिले, झाकण लावले आणि हलक्या आवाजात विचारले, “साहेब, मालकीचा दाखला आहे?”

दाखला नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला अभय दिलेले आहे आणि त्याची पिसे घरात ठेवण्यासही कागद लागतो. नियम सांगणे हीच ज्यांची रोजची भाकरी, त्या आमच्या हे ध्यानीमनी नव्हते. ‘आजोबांची आहेत,’ असे आम्ही पुटपुटलो. चाचाजी म्हणाले, “आमच्या बीटात प्रत्येकाचे आजोबाच असत.” कोणी हसले नाही. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला ‘साहेब’ म्हटले होते, हे घरी येताना लक्षात आले. आठवडाभर झोप नीट लागली नाही. त्या पेटीत आजोबांचा हात लागलेली दुसरी काही वस्तू उरलेली नव्हती. शेवटी आम्ही हकीकत अर्जात लिहून, पिसे मोजून, पेटीसकट वनखात्याच्या स्वाधीन केली आणि पोच घेतली. पेटी रिकामी करून परत मिळाली.

त्यानंतरच्या शनिवारी चाचाजींनी एक तोडगा दाखवला. साध्या कोंबडीचे काळे पीस घ्यावे, त्याच्या टोकावर पिवळसर पांढऱ्या नखरंगाचा एक थेंब ठेवावा, तो वाळला की त्यावर दुसरा लहान थेंब. तसा रंग आमच्या घरी होता. सौभाग्यवतींची बाटली अर्धी झाली तेव्हा त्यांना कळले.

मार्च उजाडला. मत्स्यविभागाचा परवाना काढून आम्ही सर्व तीर्थन नदीवर गेलो. त्या माशीला दुपारपर्यंत कोणी विचारले नाही. तीनच्या सुमारास एका मोठ्या खडकामागच्या शांत पाण्यात दोरी एकदम ताणली गेली. वीतभर लांबीचा, तांबड्या ठिपक्यांचा ट्राउट होता. चाचाजींनी पाण्यातच त्याच्या जबड्यातून गळ सोडवला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि सोडून दिला. मग माशी तळहातावर घेऊन त्यांनी तिचे डोके पाहिले. ब्लेड खिशातच राहिले.

ती माशी आम्ही आज सोबत आणली आहे, त्याच लाकडी पेटीत. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पुढे यावे. लहान मुलांनी मात्र गळापासून बोटे जपावीत.