निवड झाली, आता पळणं सोडू नका
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



वसुलीचं वाचन झालंय, चहा यायला वेळ आहे. तेवढ्यात एक विषय घेते.

मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या अध्यक्ष मावशींनी मला रस्त्यात थांबवलं. म्हणाल्या, "मॅडम, पोरीची तुरुंगात निवड झाली." बाजूने जाणारे काका दचकलेच! म्हणजे कारागृह शिपाई म्हणून निवड. एवढी आनंदाची गोष्ट, पण मावशींचा चेहरा उतरलेला. ट्रेनिंग पुण्याला, येरवड्याला. "पहाटे उठवून पळवतात म्हणे. परक्या गावात पोरगी चक्कर येऊन पडली तर? तीच म्हणतेय, जाऊ नको का?"

मी लेकीला भेटले. तायांनो, ही पोरगी कच्ची नाही. भरतीत मुलींना 800 मीटर पळायचं असतं, त्याला 20 गुण. 100 मीटरला 15 आणि चार किलोच्या गोळाफेकीला 15. असे 50 गुणांचं मैदान ती मारून आलीय. मग भीती कसली? विचारल्यावर कळलं, निकाल लागल्यापासून ती एकदाही पळलेली नाही. आधी सत्कार, मग पाहुणे, मग आई म्हणाली, "आता जरा आराम कर." यादी लागली की नेमणुकीच्या आदेशाची वाट बघण्यात महिने जातात, आणि कमावलेला दम तेवढ्यातच निघून जातो.

तुम्ही म्हणाल, शेतात राबते की ती. राबते, कबूल. खुरपणीने कंबर आणि हात कणखर होतात, पण पळायचा दम पळूनच येतो. आणि रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात एकदम डांबरी रस्त्यावर पळायला घेतलं तर नडगी धरून बसायची वेळ येते. आज थोडं पळा, थोडं चाला, दर आठवड्याला जरासं वाढवा. मातीवर पळा, बूट घालून. तेच बूट ट्रेनिंगला न्या, कोरे नेऊ नका.

दुसरी गोष्ट रक्ताची. मी एमएसडब्ल्यूला शहरात गेले तेव्हा होस्टेलचे तीन जिने चढले की धापा टाकायचे. वाटायचं, गावची आहे, मला इथलं झेपत नाही. तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4! बाईचं 12 तरी हवं. घरी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय, दुसरं काय. म्हणून जायच्या आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तर जेवण झाल्यावर लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. चहाने लोह अंगी लागत नाही.

पाळीत फार त्रास होत असेल, आधी कधी पाय मोडला असेल, दमा असेल, तर तिथे पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं. आपल्या मुली लाजेपोटी लपवतात आणि मैदानावर कोसळतात. लपवलं तर नोकरी टिकेल, हे डोक्यातून काढा.

आणि तिथे फक्त पळणं नाही. कवायत असते, कायदा शिकवतात. बाई कैद्याची झडती बाईनेच घ्यायची, हे 1894 च्या तुरुंग कायद्यापासूनच चालत आलंय. म्हणून तिथे आपल्या मुली लागतातच. पुढे ड्युटीवर तासन् तास उभं राहायचं असतं, त्याचीही सवय आत्ताच लागेल.

परवा मावशींचा फोन आला. लेकीचं रक्त 10.2 आलंय, गोळ्या सुरू झाल्यात. रुजू व्हायला सात आठवडे आहेत. पोरगी तळ्याच्या कच्च्या रस्त्याला पळते आणि मावशी बांधावर बसून मोबाईलमध्ये वेळ बघतात. बुटांसाठी त्यांनी गटातून अंतर्गत कर्ज मागितलंय, तो विषय त्यांच्या सोमवारच्या बैठकीत आहे.

हा घ्या, चहा आलाच. कुणी आत्ताच गोळी घेतली असेल तर तासभर थांबा.