एका पेशीची साक्ष

कर्करोगाची गांठ म्हणजे एकसारख्या पेशींचा ढीग, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुतः ती एखाद्या मोठ्या कुळासारखी असते. मूळ पेशी एक. पण पिढ्यांमागून पिढ्या होतांना तिच्या वंशजांत भेद पडत जातात व निरनिराळ्या शाखा फुटतात. पीटर नोवेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें हा विचार १९७६ सालीं मांडला. एक शाखा औषधाला दाद देते, दुसरी देत नाहीं. आणि रोग्याचें भवितव्य पुष्कळदां या दुसरीच्याच हातीं असतें. म्हणून ती ओळखणें अगत्याचें आहे.

पेशीची ओळख तिच्या डी. एन. ए. मध्यें लिहिलेली असते. ती वाचण्याची नेहमींची रीत अशी, कीं गांठीच्या तुकड्यांतील असंख्य पेशींचा डी. एन. ए. एकत्र काढावयाचा आणि तो वाचावयाचा. परंतु आळींतील सर्व घरांचें दूध एका हंड्यांत ओतल्यावर कोणत्या घरच्या दुधांत पाणी होतें, हें कसें कळावें? जी शाखा संख्येनें थोडी, तिची खूण या मिश्रणांत लोपून जाते. शिवाय फुप्फुसासारख्या अवघड जागेंतून सुईनें काढलेला नमुना कित्येकदां इतका अल्प असतो, कीं या रीतीला तो पुरत नाहीं.

मग एकेक पेशी वेगळी काढून वाचावी काय? अडचण अशी, कीं मनुष्याच्या एका निरोगी पेशींतील डी. एन. ए. अवघा साडेसहा पिकोग्रॅमच्या आसपास असतो. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम! एवढ्याशा द्रव्यांत सुमारें ६०० कोटी अक्षरें सांठविलेलीं असतात. तीं नीट वाचावयाचीं, तर बहुधा आधीं त्यांच्या नकला कराव्या लागतात.

अशा नकलांची एक फार उपयुक्त युक्ति अमेरिकेंतील कॅरी मलिस यांना १९८३ सालीं सुचली. तिच्याबद्दल त्यांना १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उष्णतेनें डी. एन. ए.चे दोन धागे सुटे करावयाचे, आणि एका एन्झाइमकडून प्रत्येकाचा जोडीदार नव्यानें विणून घ्यावयाचा. दर फेरीस नकला दुप्पट होतात. वीस फेऱ्यांत, हिशेबाप्रमाणें, एकाच्या दहा लाखांहून अधिक! पुढें पेशींतील सबंध डी. एन. ए.च्या नकला काढण्याच्या पद्धतिही निघाल्या.

या मार्गानें काय साधतें, तें २०११ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनावरून दिसेल. निकोलस नॅव्हिन, मायकेल विग्लर व त्यांचे सहकारी यांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या एका गांठींतील १०० पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हां तींत तीन निरनिराळ्या शाखा दिसून आल्या. दुसऱ्या एका रोग्याची मूळ गांठ व यकृतांत पसरलेली गांठ यांतील मिळून १०० पेशी तपासल्या. त्यांवरून असें दिसलें, कीं एकाच शाखेनें मूळ गांठ बनविली व तिनेंच यकृतांत बीं पेरलें. गांठीचा जणूं कुलवृत्तान्तच हातीं आला.

परंतु नकलेवर विसंबणाऱ्यानें सावध असलें पाहिजे. पोथी उतरून घेतांना एखादी ओळ सुटते, एखादी दोनदां लिहिली जाते, आणि पहिल्या प्रतींतील चूक पुढील सर्व प्रतींत उतरते. येथेंही तसेंच घडतें. आईकडून व बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकीं कधीं एकीचीच नक्कल होते व दुसरी गळून जाते. तींतच रोगाची खूण असली, तर ती दिसावयाची नाहीं. उलट, एन्झाइमची आरंभींची चूक हीच रोगाची खूण भासते. म्हणून सावध संशोधक एका पेशीच्या साक्षीवर निकाल देत नाहींत. तीच खूण दुसऱ्या पेशींत स्वतंत्रपणें आढळते काय, आणि त्याच रोग्याच्या निरोगी पेशींत ती नाहीं ना, हें ते पाहतात.

हा विवेक प्रयोगशाळेपुरताच नव्हे. गांठींतून सुटलेले डी. एन. ए.चे सूक्ष्म तुकडे रक्तांत फिरत असतात. त्यांवरून फुप्फुसाच्या कर्करोगांतील एका जनुकाचे बदल ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१६ सालीं मान्यता दिली. मात्र रक्तांत बदल न आढळल्यास गांठीचा तुकडा घेऊन तपासावा, अशी सूचनाही तिच्याबरोबर होती.

श्रोतेहो, अहवालांत ‘आढळलें नाहीं’ असें लिहिलेलें असतें, तें ‘नाहीं’ असें वाचण्याचा मोह रोग्याच्या आप्तांना होतो. साक्षीदार गप्प राहिला, म्हणजे गुन्हा घडलाच नाहीं, असें ठरत नाहीं. आणि या दोहोंतील अंतरावर कित्येकदां औषधाची निवड अवलंबून असते. तेव्हां असा प्रसंग आल्यास नमुना किती होता, तो पुरेसा होता काय, आणि पुन्हां तपासणें इष्ट आहे काय, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारण्यास संकोच करूं नये.